दुर्गादेवीचा दुष्काळ आणि कोपनहेगनचा बर्फ

महाराष्ट्रात तापमानवाढीवर वाद सुरू झाला की थोड्याच वेळात कुणीतरी दुर्गादेवीच्या दुष्काळाचं नाव काढतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये पडलेला, बारा वर्षं टिकला असं सांगतात तो. तेव्हा कुठे होत्या मोटारी, कुठे होती औष्णिक वीजकेंद्रं, असा सवाल येतो. पाठोपाठ १८७६चा दुष्काळ येतो, १९७२चा येतो, एल निनो, सूर्यावरचे डाग आणि हिमयुगं येतात. शेवटी निकाल लागतो: हे निसर्गाचं चक्र आहे, बाकी सगळा पाश्चात्त्यांचा डाव.

डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्याला हा वाद दोन कारणांनी अस्वस्थ करतो. पहिलं कारण असं की इथलं भांडण वेगळ्याच जागी पोचलं आहे. जून २०२४ मध्ये सरकार, शेतकरी संघटना आणि निसर्गरक्षण संस्था यांच्यात करार झाला. गाई-डुकरांपासून होणाऱ्या उत्सर्जनावर २०३० पासून टनाला ३०० क्रोनर आणि २०३५ मध्ये ७५० क्रोनर कर बसणार आहे. ६० टक्के मूळ सूट धरली तर प्रत्यक्ष बोजा १२० आणि ३०० क्रोनरचा. सूट जास्त झाली की कमी, छोट्या दूध उत्पादकाचं काय होणार, दलदलीवर केलेली शेती पुन्हा पाण्याखाली सोडायची तर भरपाई किती, यावर इथे लोक हमरीतुमरीवर येतात. कारण कोणतं, यावर संसदेचा वेळ जात नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘सगळं सूर्यामुळे’ हा युक्तिवाद आपल्याकडे ज्या शास्त्रीय रूपात पोचला, ते रूप त्याला डेन्मार्कमध्येच मिळालं. पुढे तो इथेच तपासलाही गेला. आपल्याकडे गोष्टीचा पहिला अर्धा भाग आला आणि दुसरा वाटेतच राहिला.

चक्रं खरी आहेत, हे आधी मोकळेपणाने मान्य करायला हवं. त्यांचा सर्वांत तपशीलवार पुरावा कोपनहेगन विद्यापीठाच्या शीतगृहात ठेवलेला आहे. ग्रीनलंडच्या बर्फात खोल छिद्रं पाडून काढलेले हे बर्फाचे लांब दंडगोल. त्यांतून जुनं तापमान कसं वाचायचं, याचं मूळ विली डान्सगोर या डॅनिश भौतिकशास्त्रज्ञाच्या कामात आहे. १९५२ साली त्यांनी बिअरच्या बाटलीला नरसाळं लावून अंगणात पावसाचं पाणी जमवलं. पाण्यातला ऑक्सिजन मुख्यतः १६ वस्तुमानाचा असतो, पण थोडा १८चाही असतो. हवा थंड होत जाते तसं जड ऑक्सिजनचं पाणी आधी गळून पडतं आणि उरलेल्या वाफेत त्याचं प्रमाण घटतं. म्हणून जितकी थंडी जास्त, तितका बर्फात जड ऑक्सिजन कमी. हे प्रमाण थराथरात मोजत गेलं की तापमानाचा इतिहास हाती येतो.

हा इतिहास थरारक आहे. शेवटच्या हिमयुगात ग्रीनलंडचं तापमान पंचवीसेक वेळा काही दशकांत ८ ते १६ अंशांनी उसळलं आणि मग शतकानुशतकं हळूहळू उतरलं. या उसळ्यांना डान्सगोर यांचंच नाव आहे. सध्याच्या उबदार कालखंडाची, होलोसीनची, सुरुवात कुठून मानायची याची आंतरराष्ट्रीय खूणही याच बर्फात आहे: एनग्रिप नावाच्या दंडगोलात १,४९२.४५ मीटर खोलीवर, इ.स. २०००च्या मागे ११,७०० वर्षं. याच होलोसीनचा शेवटचा टप्पा ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झाला असं २०१८ मध्ये ठरलं आणि त्याची खूण मात्र आपल्याकडे आहे. मेघालयातल्या मॉमलूह गुहेत खालून वर वाढलेल्या लवणस्तंभात त्या काळी मोसमी पाऊस क्षीण झाल्याची नोंद आहे. म्हणून त्या टप्प्याचं नाव मेघालयन. पृथ्वीच्या वयाच्या तक्त्यात ग्रीनलंड आणि मेघालय शेजारी शेजारी बसले आहेत.

तेव्हा मोटारी नसताना पाऊस हटला, हे कुणीच नाकारत नाही. प्रश्न इतकाच की ती चक्रं कशाने फिरतात, आणि तेच कारण आज हजर आहे का.

सर्वांत मोठं चक्र पृथ्वीच्या कक्षेचं. सर्बियाचे मिलुतिन मिलांकोविच यांनी त्याचं गणित मांडलं. कक्षा कमी-जास्त लांबट होते ती सुमारे एक लाख आणि चार लाख वर्षांच्या आवर्तनाने. आसाचा कल २२.१ ते २४.५ अंशांमध्ये झुलतो, सुमारे ४१ हजार वर्षांत. आणि आस भोवऱ्यासारखा डुलतो (परांचन), त्याला २६ हजार वर्षं लागतात. नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात ऊन आजच्यापेक्षा जास्त पडत होतं. म्हणूनच तेव्हा आपला मोसमी पाऊस जोरदार होता आणि सहारात गवत होतं. तेव्हापासून ते ऊन कमी होत आलं आहे. आसाचा कल आज २३.४४ अंश आहे आणि तोही घटतो आहे. म्हणजे कक्षेचं चक्र एकटंच काम करत असतं, तर आज पृथ्वी अगदी संथ गतीने थंड होत असायला हवी होती. ‘निसर्गाचं चक्र’ म्हणणाऱ्याने हे सांगितलं पाहिजे की कोणतं चक्र, किती वर्षांचं, आणि आज ते वर जातं आहे की खाली. बहुतेक वेळा वाद इथेच अडतो, कारण उत्तर ‘खाली’ असं आहे.

वेगाचाही हिशोब करून पाहा. हिमयुग संपताना जगाचं सरासरी तापमान पाच ते सात अंश वाढलं, त्याला सात-आठ हजार वर्षं लागली. शतकाला एक दशांश अंशाच्या आसपास. सध्याचा वेग दशकाला सुमारे दोन दशांश अंश आहे. ग्रीनलंडमधल्या उसळ्यांचं काय, असं कुणी विचारील आणि विचारायलाच हवं. त्या उसळ्या स्थानिक होत्या. समुद्राचे प्रवाह बदलले की उष्णता एका गोलार्धातून दुसऱ्यात जायची. ग्रीनलंड तापताना अंटार्क्टिका मंदपणे निवायचा आणि ग्रीनलंड गारठला की अंटार्क्टिका तापायचा. आज दोन्ही गोलार्ध, जमीन आणि समुद्र एकाच वेळी तापत आहेत. समुद्रात तर साठत चाललेल्या जादा उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा जातो आहे. इकडची उष्णता तिकडे गेली असती, तर समुद्र निवायला हवा होता. एल निनोलाही हेच लागू पडतं. तो समुद्रातली उष्णता हवेत आणतो, जगाचं वार्षिक सरासरी तापमान एक-दोन दशांश अंशाने वर नेतो आणि निघून जातो. तो उष्णता निर्माण करत नाही.

आता सूर्याकडे वळू, कारण डेन्मार्कची खरी गोष्ट तिथे आहे.

१९९१ मध्ये आयगिल फ्रीस-क्रिस्टेन्सन आणि क्नुड लासेन या दोन डॅनिश शास्त्रज्ञांनी एक आलेख छापला. सौरडागांचं चक्र सरासरी अकरा वर्षांचं असलं तरी कधी दहाचं असतं, कधी बाराचं. चक्र आखूड असेल तेव्हा सूर्य जास्त सक्रिय, असं मानून त्यांनी चक्राची लांबी आणि उत्तर गोलार्धातल्या जमिनीचं तापमान शेजारी मांडलं. दोन्ही रेषा थक्क करणाऱ्या अचूकतेने एकमेकींवर बसल्या. हा आलेख जगभर फिरला आणि आजही फिरतो.

त्यातली चूक नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती हिशोबाची आहे आणि कुणाच्याही हातून होऊ शकते. चक्राच्या लांबीत चढउतार फार असतात, म्हणून पाच-पाच चक्रांची भारित सरासरी घेतली होती: १, २, २, २, १ अशा वजनाने. पण अशी सरासरी काढायला पुढची दोन चक्रं हातात असावी लागतात आणि आलेखाच्या टोकाला ती नसतात. शेवटचे बिंदू त्यामुळे अर्धवट सरासरीचे किंवा सरासरी न काढलेले होते, आणि नेमकी तीच टोकं तापमानाच्या चढत्या रेषेशी जुळलेली दिसत होती. पेटर लाउट या डॅनिश शास्त्रज्ञाने पुढे हे सविस्तर दाखवलं. त्याहून मोठी गोष्ट खुद्द लासेन यांनी केली. २००० साली पेटर थाइल यांच्यासोबत त्यांनी नवी आकडेवारी घालून तोच हिशोब पुन्हा केला आणि लिहिलं की १९९०च्या आसपासपासून तापमान सौरचक्राची साथ सोडून वर गेलं आहे, ही वाढ त्या संबंधातून समजावता येत नाही. आपल्याच गाजलेल्या आलेखाची मर्यादा आपल्याच सहीने नोंदवणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र १९९१चाच आलेख येतो.

त्यानंतर १९९७ मध्ये हेन्रिक स्वेन्समार्क आणि फ्रीस-क्रिस्टेन्सन यांनी दुसरी कल्पना मांडली. अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेत आयन तयार करतात, त्यांच्याभोवती सूक्ष्म कण जमतात आणि त्यांवर ढग धरतात. सूर्य सक्रिय असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र हे किरण अडवतं, ढग कमी होतात, ऊन वाढतं. कल्पना सुंदर आहे आणि तिचा पहिला टप्पा खराही आहे. आयनांमुळे कण बनायला मदत होते, हे सर्न या युरोपच्या अणुभौतिकी प्रयोगशाळेतल्या ‘क्लाउड’ प्रयोगात दिसलं. अडचण पुढच्या टप्प्यात आहे. तयार होणारा कण एक-दोन नॅनोमीटरचा असतो. त्यावर थेंब धरायला तो पन्नास-शंभर नॅनोमीटरपर्यंत वाढावा लागतो, आणि वाढण्याआधीच बरेचसे कण मोठ्या कणांना चिकटून नाहीसे होतात. २०१६ मध्ये या प्रयोगाच्या मोजमापांवरून निष्कर्ष निघाला की वैश्विक किरणांतल्या चढउताराचा ढगांवर लक्षणीय परिणाम होत नाही.

ही कल्पना भारतात आली ती अत्यंत आदरणीय हातांनी. इस्रोचे माजी अध्यक्ष उडुपी रामचंद्र राव यांची सारी कारकीर्द वैश्विक किरणांच्या अभ्यासापासून सुरू झाली होती. जानेवारी २०११ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञाननियतकालिकात त्यांनी लिहिलं की गेल्या दीडशे वर्षांत हे किरण सुमारे ९ टक्क्यांनी घटले आणि त्यामुळे दर चौरस मीटरला १.१ वॅट इतका तापवणारा परिणाम झाला असावा. वर्तमानपत्रांनी त्यावरून ‘तापमानवाढीत ४० टक्के वाटा वैश्विक किरणांचा’ असे मथळे दिले. ते वाक्य मराठी वादांत अजून जिवंत आहे. पण दोन गोष्टी पाहायला हव्यात. किरणांतली ती घट मुख्यतः १९५०च्या आधीची आहे. त्यानंतर न्यूट्रॉन मापकांच्या (जमिनीवरून वैश्विक किरण मोजणाऱ्या यंत्रांच्या) सलग नोंदी उपलब्ध आहेत आणि त्यांत सौरचक्राबरोबरचा चढउतार दिसतो, उतरता कल दिसत नाही. तापमान मात्र वेगाने वाढलं ते १९७० नंतर. दुसरी गोष्ट म्हणजे निसर्गानेच या कल्पनेची परीक्षा घेतली. २००९च्या सुमारास सूर्य इतका शांत होता की वैश्विक किरणांनी अवकाशयुगातला उच्चांक गाठला, आणि त्यानंतरचं सौरचक्र शतकभरातल्या सर्वांत दुबळ्या चक्रांपैकी होतं. कल्पना बरोबर असती तर ढग वाढून पृथ्वी निवायला हवी होती. २०१५ आणि २०१६ ही वर्षं तोवरची सर्वांत उष्ण ठरली.

राव यांच्याबद्दलचा आदर यामुळे तसूभरही कमी होत नाही. त्यांनी आकडा मांडला, म्हणूनच तो तपासता आला. आपल्याकडच्या वादात आकडाच मांडला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

तर आकडे मांडू. कागद-पेन्सिल पुरेल. वातावरणाच्या वर, सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा पडते. १९७८च्या अखेरीपासून उपग्रह ती मोजत आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ती सुमारे एक वॅटने वरखाली होते. पृथ्वी गोल असल्याने चारने भागा, तीस टक्के ऊन परत फेकलं जातं म्हणून ०.७ने गुणा. उरतात ०.१७ ते ०.१८ वॅट, तेही कधी अधिक, कधी उणे. आता कार्बन डायऑक्साइड. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग होता, आता ४२०च्या वर आहे. ४२० भागिले २८० म्हणजे १.५. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.४०५. हवामानशास्त्रातल्या रूढ सूत्राप्रमाणे त्याला ५.३५ने गुणलं की चौरस मीटरला २.१७ वॅट. हा आकडा उणे होत नाही, दर वर्षी वाढतो.

यावर हमखास आक्षेप येतो: कार्बन डायऑक्साइड वाढला तो माणसाने सोडला कशावरून? ज्वालामुखींनी किंवा समुद्राने सोडला असेल. इथे साधा जमाखर्च उपयोगी पडतो. दहा लाखांत एक भाग वाढायला सुमारे ७८० कोटी टन कार्बन डायऑक्साइड लागतो. माणूस वर्षाला चार हजार कोटी टनांच्या आसपास सोडतो, म्हणजे हवेतलं प्रमाण पाच भागांनी वाढायला हवं. प्रत्यक्षात वाढतं अडीच भागांच्या आसपास. उरलेलं समुद्र आणि झाडं पोटात घेतात. निसर्ग स्वतः भर घालत असता, तर वाढ पाचापेक्षा जास्त दिसली असती. तो भर घालत नाही, आपला अर्धा बोजा उचलतो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या एक टक्काही सोडत नाहीत. शिवाय जाळलेल्या कोळशाची खूण हवेत सापडते. कोट्यवधी वर्षं जमिनीत राहिलेल्या कोळशात कार्बन-१४ शिल्लक नसतो आणि वनस्पतींपासून बनल्यामुळे कार्बन-१३ कमी असतो. हवेतलं दोन्हींचं प्रमाण या धुरामुळे पातळ होतं आहे. जळायला ऑक्सिजन लागतो, म्हणून हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतो आहे.

तापण्याचा नमुनाही बोलका आहे. सूर्य जास्त तळपत असता तर खालचं तपांबर आणि वरचं स्थितांबर दोन्ही तापले असते. तपांबर तापतं आहे आणि वरचं स्थितांबर निवतं आहे. खाली उष्णता अडली आहे, याची ही खूण. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालात १८५०-१९०० पासून २०१०-२०१९ पर्यंतच्या वाढीत माणसाचा वाटा १.०७ अंश दिला आहे, ०.८ ते १.३च्या मर्यादेत. सूर्य आणि ज्वालामुखी यांचा वाटा उणे ०.१ ते अधिक ०.१, म्हणजे शून्याच्या आजूबाजूला.

बर्फाच्या नोंदींवरून आणखी एक मुद्दा काढला जातो: हिमयुग संपताना आधी तापमान वाढलं, मग कार्बन डायऑक्साइड. अंटार्क्टिकाच्या बाबतीत खरं आहे, सुरुवात कक्षेतल्या बदलाने झाली. समुद्र तापला, त्याने कार्बन डायऑक्साइड सोडला आणि त्या वायूने बाकीचं जग तापवलं. तेव्हा तो वायू साखळीतली दुसरी कडी होता, आज पहिली आहे. भौतिकशास्त्र तेच आहे.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती चकवते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०२० मध्ये सिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. जगातल्या इतर भूभागांपेक्षा ही वाढ कमी आहे. ‘बघा, आपल्याकडे तर फारसं काही नाही’ असा अर्थ त्यातून निघतो, पण कारण वेगळं आहे. आपल्या हवेतले धुराचे आणि सल्फेटचे कण ऊन परत फेकतात, ओलिताखालची जमीनही थंडावा देते. कण हवेत काही दिवस टिकतात, कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं. हवा स्वच्छ केली (आणि ती करायलाच हवी, माणसं मरत आहेत) की झाकलेली उष्णता उघडी पडेल. त्याच अहवालात उष्ण कटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे एक अंशाने तापल्याचं नोंदलं आहे, जगाच्या समुद्रांच्या सरासरीपेक्षा जास्त. मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, आणि पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र घटला, पश्चिम घाटातही. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही.

कारण कोणतं, याने फरक काय पडतो? गटारांच्या व्यासात पडतो.

२ जुलै २०११ रोजी कोपनहेगनमध्ये दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडला. डॅनिश भाषेत अशा पावसाला ‘स्क्यूब्रुड’ म्हणतात: ‘स्क्यू’ म्हणजे ढग, ‘ब्रुड’ म्हणजे फूट. शब्दाला शब्द ठेवून ढगफुटी. २०१२ मध्ये शहराने ढगफुटी आराखडा केला, सुमारे तीनशे कामांचा. कसोटी एकच: शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी साचता कामा नये. एंगहावे नावाची बाग खोलगट करून तिच्याभोवती बांध घातले, त्यात सुमारे २३ हजार घनमीटर पाणी मावतं. आणि डॅनिश अभियंता जुन्या नोंदींवरून पाऊस काढतो तेव्हा त्याला ‘हवामान गुणका’ने गुणतो. शंभर वर्षांच्या आयुष्याच्या कामासाठी दहा वर्षांतून एकदाच्या पावसाला साधारण १.३, शंभर वर्षांतून एकदाच्या पावसाला १.४. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे या गुणकामागचं एक मुख्य कारण.

या गुणकामागे कारणाचा निवाडा दडलेला आहे. चक्र असतं तर ते काही दशकांत खाली आलं असतं आणि जुन्या नोंदींवरून काढलेला व्यास पुरला असता. हवेत साठा होतो आहे, म्हणून पुढची पन्नास वर्षं मागच्या पन्नास वर्षांसारखी नसणार हे धरून नळ टाकावा लागतो. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी तासाला २५ मिलिमीटरसाठी होती. शहरातल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती ५० मिलिमीटरची करायला सांगितलं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७४च्या आसपास. तेव्हा सारा पाऊस वाहून नेईल एवढं गटार बांधता येत नाही, हे कबूल करून पाणी कुठे थांबवायचं याच्या जागा राखाव्या लागतात: मैदानं, तळी, खाजणं, मिठीचं पात्र. त्या जागांवर इमारती चढत असताना ‘निसर्गाचं चक्र’ म्हणणं हे परवानगी देणाऱ्याच्या सोयीचं आहे.

आता ‘पाश्चात्त्यांचा डाव’ या भागाकडे येतो. इथे मी घरच्या मंडळींच्या बाजूने आहे, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडतो आहे.

डेन्मार्कचा हिशोब गोंडस दिसतो तितका गोंडस नाही. २०२०च्या कायद्याने १९९०च्या तुलनेत २०३० पर्यंत ७० टक्के घट बंधनकारक केली. पण १९९० मध्ये इथली नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कोळशावर होती, म्हणजे मोजणी सुरू होते ती बऱ्याच उंचीवरून. वीजगृहांत कोळशाच्या जागी लाकडाचे तुकडे आणि गोळ्या आल्या, त्यांतल्या बऱ्याच बाल्टिक देशांतून आणि अमेरिकेतून येतात, आणि जळताना त्यांचं उत्सर्जन नियमाप्रमाणे शून्य धरलं जातं. आंतरराष्ट्रीय जहाजवाहतूक त्या ७० टक्क्यांत मोजलीच जात नाही. परदेशात बनवून इथे वापरलेल्या वस्तू धरल्या तर माणशी आकडा दहा टनांच्या पुढे जातो. भारतात तो माणशी दोन टनांच्या आसपास आहे. आजवर जगाने हवेत सोडलेल्या जीवाश्म कार्बन डायऑक्साइडपैकी भारताचा वाटा तीन-चार टक्के, एकट्या अमेरिकेचा एक चतुर्थांशाच्या जवळपास. हा अन्याय आहे आणि तो ठणकावून सांगितला पाहिजे.

तो भारताने सांगितलाही. कोपनहेगनचा सौरडागांचा आलेख छापला गेला त्याच १९९१ साली दिल्लीत अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण या पर्यावरण अभ्यासकांनी मांडलं की भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंतांच्या मोटारीचा धूर एका मापाने मोजू नका, जगण्यासाठीचं उत्सर्जन वेगळं आणि चैनीचं वेगळं. ही मांडणी उभी राहते ती तापमानवाढ माणसाने केली या पायावर. सूर्यानेच केली असेल तर कुणी कुणाचं काही देणं लागत नाही. अमेरिका, ब्रिटन, डेन्मार्क सगळे मोकळे. ‘निसर्गाचं चक्र’ आणि ‘पाश्चात्त्यांनी भरपाई द्यावी’ ही दोन वाक्यं एका दमात बोलणारा माणूस आपलाच दावा आपल्या हाताने फाडतो.

आणि दावा आता कागदावरचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये डेन्मार्कने हवामानबदलाच्या हानीसाठी १० कोटी क्रोनर जाहीर केले. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांत असं करणारं हे पहिलं सरकार. रक्कम नगण्य आहे, कोपनहेगनच्या ढगफुटी आराखड्याचा खर्चच त्याच्या शंभरपट आहे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात शर्म अल-शेखला हानी-भरपाई निधीचा निर्णय झाला. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये भारत-पाकिस्तानात आलेल्या उष्णतेची शक्यता माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे सुमारे तीसपट झाली, असा अभ्यास त्याच वर्षी मे महिन्यात आला. असे आकडे उद्या चिपळूणच्या पुरासाठी किंवा श्रीवर्धनच्या सुपारीबागांसाठी मागता येतील. डिसेंबर २०२४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारत सरकारच्या प्रतिनिधीने विकसित देशांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर बोट ठेवलं. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने मत दिलं की हवामानाबाबतच्या कर्तव्यात कसूर करणाऱ्या देशावर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते, मात्र कसूर आणि नुकसान यांच्यातला कार्यकारणसंबंध दाखवावा लागेल.

तो संबंध दाखवायला लागणारी बरीचशी आकडेवारी पुण्यात आहे.